अडखळणारे इंजिन

कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी उत्तरपाडा हे गाव आहे. तेथील हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात १९५७ साली अँबॅसिडर मोटारीचे उत्पादन सुरू झाले आणि २०१४ च्या मे महिन्यात ते थांबले. इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड या मोटारीवरून बेतलेली ही गाडी मधल्या काळात बाह्यरूपाने फारशी बदलली नाही. मंत्र्यांच्या दारात ती उभी असे, कोलकात्याच्या रस्त्यांवर ती पिवळी टॅक्सी होऊन धावे आणि लग्नाच्या वरातीत फुलांच्या माळा लेवून नवरदेवाला घेऊन जाई. आता ती नवी मिळत नाही. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी एक तर ती वडीलधाऱ्यांची आठवण म्हणून सांभाळली आहे, किंवा जुन्या यंत्रांच्या आवडीपोटी मुद्दाम विकत घेतली आहे.

आरंभीची थोडी वर्षे वगळली तर पुढे दीर्घकाळ या गाडीत १४८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे, चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन बसवले जात असे. त्याची मूळ घडण ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची. या इंजिनात संगणक नाही, संवेदक नाहीत, बिघाड होताच लुकलुकणारा दिवाही नाही. आजच्या मोटारीला यंत्र जोडले की ती आपला विकार स्वतःच सांगते. जुन्या मोटारीचा विकार मात्र माणसाला कान, डोळे, नाक आणि तर्क यांच्या साहाय्याने शोधावा लागतो. या प्रकारचे सर्वांत वारंवार आढळणारे दुखणे म्हणजे इंजिन एकसारखे न चालणे. गॅरेजमधील मंडळी त्याला 'गाडी मिसिंग मारते' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या दुखण्याचे निदान कसे करावे, ते पाहू.

निदानाकडे वळण्यापूर्वी निरोगी इंजिनाची लय समजून घेतली पाहिजे. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक पिस्टन, म्हणजे दट्ट्या, वरखाली होत असतो. तो खाली येताना पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते, वर जाताना ते दाबले जाते, मग ठिणगी पडून त्याचा भडका होतो व पिस्टन जोराने खाली ढकलला जातो, आणि पुन्हा वर येताना जळका वायू बाहेर फेकला जातो. या चार क्रियांना इंजिनाचे दोन फेरे लागतात. चारही सिलिंडरांत भडके एकदम होत नाहीत, ते १-३-४-२ या ठरलेल्या क्रमाने होतात. गाडी जागच्या जागी उभी असताना इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला दहा फेरे आणि वीस भडके होतात. हे वीस ठोके समान अंतराने व समान जोराने पडले, की आपल्या कानाला अखंड गुरगुर ऐकू येते. त्यांपैकी एक सिलिंडर मुका झाला, तर सेकंदाला पाच ठोके गळतात. लय मोडते, गाडी थरथरू लागते आणि गिअरची दांडी हातात थडथडते.

भडका नीट होण्यासाठी तीन गोष्टी लागतात. मिश्रण पुरेसे दाबले गेले पाहिजे, ठिणगी योग्य क्षणी व पुरेशा जोराची पडली पाहिजे आणि मिश्रणातील पेट्रोल व हवा यांचे प्रमाण योग्य असले पाहिजे. इंजिन अडखळते तेव्हा या तिहींपैकी कोठेतरी उणे पडलेले असते. सूत्र इतके सोपे असूनही निदान अवघड का होते? कारण ही तिन्ही कारणे बाहेरून जवळजवळ सारखीच दिसतात.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. वडिलांनी वापरलेली अँबॅसिडर माझ्याकडे आली तेव्हा तिला एक चमत्कारिक खोड जडली होती. उभ्या गाडीचे इंजिन सुरेख चाले. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट ती कुरकुर न करता चढून जाई. घाट ओलांडून सपाट रस्ता लागला आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका केला, की मात्र ती धक्के खाऊ लागे, जणू कोणी मागून दोरी बांधून थांबून थांबून ओढत आहे. ज्यांना ज्यांना दाखवली त्या प्रत्येकाने ऐकताक्षणी सांगितले, 'कार्बुरेटर!' मी तो खोलून साफ करवला. धक्के कायम राहिले. मग जेट बदलले, तरीही धक्के तसेच. शेवटी दुसरा, जुन्या बाजारातला कार्बुरेटर आणून बसवला. तेव्हा मूळचे धक्के राहिलेच, वर पेट्रोलचा खर्च वाढला आणि सकाळी गाडी सुरू होणे जड झाले. एका दुखण्याची तीन दुखणी झाली.

या फसगतीचे कारण पुढे येईलच. तत्पूर्वी, हातात पाना घेण्याआधी काय करावे हे पाहू.

जुन्या पिढीतील चांगला मिस्त्री गाडीला हात लावण्यापूर्वी मालकाला प्रश्न विचारतो. गाडी केव्हा अडखळते? थंड असताना की तापल्यावर? उभी असताना, चढावर, की सपाट रस्त्यावर? पावसात जास्त होते का? हे कधीपासून होते आणि त्याच्या आधी गाडीवर कोणते काम झाले होते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मालक बहुधा टाळतो आणि बहुधा तेथेच कारण असते. प्लगच्या दोन तारांची अदलाबदल, घाईत अर्धवट बसवलेला नळ, सैल राहिलेला नट यांसारख्या गोष्टी 'आपोआप' घडत नाहीत.

उत्तरांतून दिशा मिळते. केवळ उभी असताना अडखळणारी आणि वेग घेताच सुधारणारी गाडी बहुधा कोठूनतरी जादा हवा ओढत असते, किंवा तिची एखादी झडप नीट बसत नसते. चढावर, ओझ्याखाली अडखळणारी गाडी ठिणगीचा अशक्तपणा किंवा पेट्रोलचा तुटवडा सुचवते, कारण सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त तितके ठिणगीला फट ओलांडणे कठीण जाते. तापल्यावरच बिघडणारी गाडी इग्निशन कॉइलकडे किंवा नळीतच वाफ झालेल्या पेट्रोलकडे बोट दाखवते. पावसाळ्यात, सकाळच्या दमट हवेत खोकणाऱ्या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसल्यास पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते.

त्यानंतर सायलेन्सरच्या मागे उभे राहून ऐकावे. 'भक्-भक्-भक्-फुस्' असा ठरावीक अंतराने येणारा खंड असेल तर दोष एका विशिष्ट सिलिंडरचा आहे, असे समजावे. खंड अनियमित असेल, आज येथे तर उद्या तेथे, तर दोष चौघांना समाईक असलेल्या एखाद्या भागात शोधावा. कॉइल, कॉन्टॅक्ट पॉइंट, पेट्रोलचा पुरवठा हे असे समाईक भाग होत. हा एक भेद ओळखता आला तरी निम्मे काम होते. ऐकताना गाडी उघड्यावर असावी, कारण बंद गॅरेजमध्ये साचणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता जीव घेतो. सैल बाह्या, ओढणी, पदर फिरत्या पंख्यापासून दूर ठेवावेत, हेही येथेच सांगून ठेवतो.

दोष एका सिलिंडरचा वाटत असेल तर तो कोणता, हे ठरवण्याची युक्ती सोपी आहे. इंजिन बंद करून एका प्लगवरची तार काढावी, तिचे टोक इंजिनाच्या धातूजवळ टेकवून ठेवावे आणि इंजिन पुन्हा सुरू करावे. सिलिंडर निरोगी असेल तर तो बंद पडल्यामुळे इंजिन आणखी अडखळेल. काही फरकच पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता, असे ठरते. चौघांची अशी परीक्षा घ्यावी. चालू इंजिनावर तार ओढून काढण्याची सवय अनेकांना असते. त्या तारेत काही हजार व्होल्टचा दाब असतो आणि तो बसल्यावर हात झटकताना माणूस पंख्यावर आदळू शकतो, म्हणून इंजिन बंद करण्याचा आळस करू नये.

दोषी सिलिंडर सापडला की त्याचा प्लग काढून पाहावा. प्लगचे टोक हा त्या सिलिंडरचा जबाबच असतो. ते बिस्किटासारखे भुरकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी जमली असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर येत आहे. काळे पण तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगांमधून किंवा झडपांच्या बाजूने तेल शिरत आहे. पांढरेफटक असेल तर मिश्रणात हवा जास्त आहे, आणि पेट्रोलने ओलेचिंब असेल तर मिश्रण येत असूनही ठिणगी पडत नाही. चारही प्लग काढून क्रमाने कागदावर मांडावेत. तीन तपकिरी आणि एक ओला, असे चित्र दिसले तर चौघांना पेट्रोल पुरवणाऱ्या कार्बुरेटरवर संशय घेण्याचे काहीच कारण उरत नाही.

आता दोषी सिलिंडरचा प्लग शेजारच्या चांगल्या सिलिंडरमध्ये बसवावा व तेथला इकडे आणावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग वाईट. जागीच राहिला तर प्लग निर्दोष, मग हीच परीक्षा तारेची घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा येथील कडक नियम आहे. प्लग, तारा, पॉइंट, कंडेन्सर सगळे एकदम नवे घातले आणि गाडी सुधारली, तर नेमके काय बिघडले होते हे कधीच कळत नाही. गाडी सुधारली नाही, तर मग नव्या भागांपैकीही एखादा सदोष असण्याची शंका डोक्यात शिरते. अँबॅसिडरचे सुटे भाग आज जुन्या साठ्यांतून किंवा अनोळखी कारखान्यांतून येतात. नवा म्हणून बसवलेला कंडेन्सर आठवडाभरात निकामी झाल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात. 'नवे' आणि 'चांगले' हे दोन शब्द समानार्थी मानू नयेत.

प्लग व तार दोन्ही ठीक निघाले, तर त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याची क्षमता, मोजावी लागते. इंजिन थोडे तापवून, चारही प्लग काढून, कॉइलची तार सोडून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा व प्लगच्या जागी दाबमापक लावून स्टार्टरने इंजिन काही फेरे फिरवावे. येथे एकूण आकड्यापेक्षा चार आकड्यांतील तफावत बोलकी असते. तीन सिलिंडर १२० पाउंड आणि चौथा ७० दाखवत असेल, तर कार्बुरेटरची कितीही आराधना केली तरी ते इंजिन सुरळीत चालणार नाही. अशा सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने त्यांची फट तात्पुरती बुजली. वाढला नाही तर झडप जळाली आहे किंवा नीट बसत नाही. शेजारचे दोन्ही सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील, तर त्या दोहोंमधली हेड गॅस्केट फुटली असण्याचा संभव मोठा.

झडपांविषयी थोडे अधिक सांगणे प्राप्त आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत असत. त्याचा एक थर झडपेच्या बैठकीवर बसून तिची झीज रोखी. शिसे मेंदूला, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला घातक असल्यामुळे २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, ते योग्यच झाले. पण शिशाच्या भरवशावर घडवलेल्या जुन्या इंजिनांत, ती सतत भरधाव चालवल्यास, एग्झॉस्ट झडपेची बैठक हळूहळू झिजते, झडप वर सरकते आणि टॅपेटची फट नाहीशी होते. फट नाहीशी झालेली झडप पूर्ण मिटत नाही, तप्त वायू तिच्या कडेने निसटतो आणि कड जळते. टॅपेट खडखड वाजतात म्हणून मालक तक्रार करतो. न वाजणाऱ्या टॅपेटची मात्र कोणी तक्रार करत नाही, आणि अपाय पुष्कळदा तेथेच असतो. म्हणून जुन्या इंजिनाच्या टॅपेटची फट वेळोवेळी मोजावी.

दाब ठीक आहे असे ठरले, की ठिणगीच्या व्यवस्थेकडे वळावे. कार्बुरेटरकडे अजूनही जायचे नाही.

बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या एका गुंडाळीतून वाहतो व तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. डिस्ट्रिब्युटरमधील कॉन्टॅक्ट पॉइंट उघडताच हा प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या, अतिशय बारीक तारेच्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. तो दाब फिरत्या रोटरमार्फत योग्य त्या प्लगकडे पोहोचतो. म्हणजे ठिणगी पडण्याचा क्षण ठरवतात ते हे दोन छोटे पॉइंट. त्यांच्यातील कमाल फट सुमारे ०.४ मिलिमीटर असावी लागते. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. तेव्हा गाडीचा पिकअप जातो, इंजिन तापते आणि चालक मात्र पेट्रोलला दोष देतो. प्लगची फट सुमारे ०.६ मिलिमीटर. ती मोजायला पट्ट्यांचे माप जवळ नसेल तर लोखंड कापण्याच्या करवतीचे पाते वापरणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. त्या पात्याची जाडी साधारण तेवढीच असते.

पॉइंट उघडून पाहिल्यावर एका बाजूला खड्डा व दुसऱ्या बाजूला टेकडी दिसली, किंवा चालू इंजिनात पॉइंटपाशी मोठी निळी ठिणगी उडताना दिसली, तर कंडेन्सर दुबळा झाला आहे. झाकणाच्या आत केसाएवढी काळी रेघ दिसली, तर ती भेग असू शकते. करंट त्या वाटेने प्लगकडे न जाता भलतीकडे पळतो. काळोख्या रात्री बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे पाहावे. जुन्या तारांवरून बाहेर उड्या मारणाऱ्या निळसर ठिणग्या दिवसा न दिसणारे रहस्य उघड करतात. डिस्ट्रिब्युटरचा दांडा बोटांनी आडवा हलवून पाहावा. तो हलत असेल तर त्याचे बुश झिजले आहे, आणि मग पॉइंटची फट कितीही काळजीपूर्वक लावली तरी ती प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते.

एवढे झाल्यावर मिश्रणाचा विचार करावा, आणि त्यातही पेट्रोलच्या आधी हवेचा. एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जाळण्यासाठी सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. इतकी हवा आत खेचणाऱ्या यंत्रणेत एखादी चोरवाट निर्माण झाली की प्रमाण बिघडते. कार्बुरेटरखालची गॅस्केट, इनटेक मॅनिफोल्डचे सांधे, कडक होऊन चिरलेल्या रबरी नळ्या या नेहमीच्या चोरवाटा होत. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे सांध्यांवरून फिरवावे, चोरवाटेपाशी बारीक शिट्टी ऐकू येते. तापल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडून हवेची गळती शोधण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ आहे. तिने गाड्या पेटलेल्या आहेत, ती वापरू नये. या इंजिनाची एक खूण अशी, की पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरला आत येणारी वाट एकच आहे, तसेच तिसऱ्या व चौथ्याला. म्हणून १ व २ दोघेही अशक्त झाले असतील आणि कॉम्प्रेशन उत्तम असेल, तर त्यांच्या समाईक वाटेवरची मॅनिफोल्ड गॅस्केट तपासावी.

मिश्रणाची सर्वांत सोपी परीक्षा चोक ओढून होते. तापलेल्या, अडखळणाऱ्या इंजिनाचा चोक किंचित ओढल्यावर ते सुधारले, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते. जास्तच बिघडले, तर पेट्रोल आधीच जास्त होते. पेट्रोल कमी पडण्याची कारणे टाकीपासून क्रमाने तपासावीत. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल तर गाडी काही अंतर चालून गुदमरते आणि झाकण उघडताच 'सुस्स' असा आवाज येतो. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीतला गंज फिल्टरात व जेटमध्ये अडकतो. इंजिनावरील पेट्रोल पंपाचा पडदा फाटला असेल तर चढावर पुरवठा अपुरा पडतो.

यात अलीकडे एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. २०२३ पासून आपल्या देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने विक्रीस आले. इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असल्यामुळे त्याला जळण्यासाठी हवा कमी लागते. साहजिकच निव्वळ पेट्रोलसाठी जुळवलेल्या कार्बुरेटरचे मिश्रण थोडे पातळ पडते. इथेनॉल पाणी शोषून घेते, टाकीतला जुना साका सुटा करून पुढे ढकलते आणि जुन्या जातीच्या रबराला मऊ करून फुगवते किंवा चिरवते. गेली कित्येक वर्षे निर्धोक चाललेली गाडी अचानक अडखळू लागली, तर नळ्या, पंपाचा पडदा व फिल्टर प्रथम पाहावेत. पेट्रोलची नळी पाझरत असल्यास प्रश्न केवळ अडखळण्याचा राहत नाही, तो आगीचा होतो.

आता माझ्या गाडीकडे परत येऊ. ती चढावर चांगली चाले, उभी असताना चांगली चाले आणि केवळ सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवताना धक्के खाई. चोक ओढून पाहिला होता, काहीच फरक पडला नव्हता. म्हणजे मिश्रणाचा प्रश्न नव्हता. हे उत्तर पहिल्याच दिवशी माझ्या हातात होते, पण मी ते वाचले नाही.

अखेरीस एका वृद्ध मिस्त्रींनी गाडी पाहिली. त्यांनी माझी हकिगत पुरती ऐकून घेतली आणि विचारले, "हलक्या पायाला असे काय होते, जे उभ्या गाडीला होत नाही आणि चढालाही होत नाही?" मला उत्तर सुचेना. त्यांनी डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला असलेल्या चपट्या डबीकडे बोट दाखवले. त्या डबीत एक पडदा असतो आणि एका बारीक नळीने ती कार्बुरेटरला जोडलेली असते. हलक्या पायाने गाडी चालत असताना त्या नळीत निर्वात निर्माण होतो, पडदा खेचला जातो आणि डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची तबकडी थोडी फिरून ठिणगी जरा लवकर पडू लागते. त्यामुळे पेट्रोल वाचते. उभ्या गाडीत किंवा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर हा निर्वात तेथे जवळजवळ नसतो आणि तबकडी आपल्या मूळ जागी स्थिर राहते.

त्यांनी इंजिन चालू ठेवून ती नळी कार्बुरेटरच्या बाजूने काढली, तिचे टोक पुसले आणि तोंडाने ओढली. तबकडी फिरली आणि इंजिन तत्काळ तेच परिचित धक्के खाऊ लागले. नळी सोडली, इंजिन शांत. पुन्हा ओढली, पुन्हा धक्के. गाडी अंगणात उभी असताना घाटापलीकडच्या सपाट रस्त्यावरचा आजार त्यांनी समोर उभा केला.

झाकण काढल्यावर कारण दिसले, किंबहुना दिसले नाही, हातालाच लागले. पॉइंटला प्रवाह पोहोचवणारी एक बोटभर लांबीची लवचीक तार तबकडीबरोबर प्रत्येक वेळी वाकत असे. इतक्या वर्षांच्या वाकण्याने आवरणाच्या आतील तांब्याचे तंतू तुटले होते. बाहेरचे आवरण मात्र शाबूत होते. तबकडी मूळ जागी असताना तुटकी टोके एकमेकांना टेकत आणि ती फिरली की क्षणभर सुटत. मिस्त्रींनी तार दोन बोटांत धरून हलकेच ताणली, तेव्हा ती रबरासारखी लांबली. तांबे अखंड असलेली तार अशी लांबत नाही.

तार बदलण्यास अर्धा तास लागला आणि तिची किंमत सांगण्याइतकीही नव्हती. दुसऱ्या दिवशी खंबाटकी ओलांडून सुरूरपर्यंत गेलो, एकही धक्का बसला नाही. पेट्रोलचा वाढलेला खर्च आणि सकाळची कुरकुर मात्र तशीच होती, कारण ती त्या तारेची नव्हतीच. माझा मूळचा कार्बुरेटर एका पिशवीत भरून माळ्यावर टाकला होता. तो शोधून, मूळचे जेट मिळवून, सारे पूर्ववत जुळवण्यात पुढचे दोन दिवस गेले.